लेडी गोबनेटबद्दलचं खरं वाक्य

फिनियन ल्युसीने जन्मात एकच वाक्य असं लिहिलं, की ते साऱ्या नॉकाव्हिन गावाला तोंडपाठ झालं. त्याआधी एकतीस वर्षं तो काउंटीच्या कचेरीत सांडपाण्याच्या परवान्यांवर शेरे मारत होता, पण तसले शेरे कुणी पाठ करत नाही. वाक्य असं होतं: "लेडी गोबनेट ही घोडी देखणी आहे, उड्या उत्तम मारते, वेगही बरा आहे, पण गाय दिसली की गाईला सोडून पुढे जात नाही." या वाक्यात खोटं काहीच नव्हतं आणि सगळी भानगड त्याचमुळे झाली.

नॉकाव्हिनला दर मार्चमध्ये, सेंट पॅट्रिकच्या सणाआधीच्या रविवारी, नेड कॉटरच्या शेतात अडथळ्यांच्या शर्यती होतात. सहा शर्यती, प्रत्येकीत शेताला तीन फेऱ्या. फाटकावर एक पुस्तिका विकतात, तिच्यात कोणता घोडा कोणत्या शर्यतीत आणि कोण जिंकेल याचा अंदाज असतो. हा अंदाज सव्वीस वर्षं कॅनन हर्लिही नावाच्या म्हाताऱ्या पाद्रीबाबांनी लिहिला. त्यांचा स्वभाव फार मायाळू. ते प्रत्येक घोड्यापुढे "संधी आहे" एवढंच लिहायचे. शर्यतीत अकरा घोडे असले तर अकराही जणांना संधी. एका वर्षी शुक्रवारी मेलेल्या घोड्यालाही त्यांनी रविवारी संधी दिली होती. त्यावर मालक रागावला नाही, उलट त्याने ते पान फ्रेम करून भिंतीवर लावलं. कारण उघड आहे. या भागात प्रत्येक घोड्यामागे कुणाचा तरी चुलतभाऊ उभा असतो, आणि चुलतभाऊ म्हटला की तो रविवारी प्रार्थनेला बरोबर तुमच्या मागच्याच बाकावर येऊन बसतो.

गेल्या शरद ऋतूत कॅनन वारले आणि शर्यत समिती नवा लेखक शोधू लागली. फिनियनचं नाव त्याच्या बायकोनेच, नोरीनने, सुचवलं. निवृत्त झाल्यापासून त्याने स्वयंपाकघरातल्या बरण्यांना तारखेच्या चिठ्ठ्या लावायला सुरुवात केली होती. नोरीनला तो घराबाहेर हवा होता, मग घोड्यांच्या निमित्ताने का होईना.

आता फिनियन ल्युसीला काम द्यायचं म्हणजे काय, हे समितीला ठाऊक असायला हवं होतं. त्याने अख्खा हिवाळा खर्ची घातला. दर रविवारी वही, पेन्सिल, चहाचा थर्मास आणि दुर्बीण घेऊन तो आसपासच्या प्रत्येक शर्यतीला हजर. कुठला घोडा चिखलात दमतो, कुठला उडी मारण्याआधी विचार करत बसतो, कुठल्या स्वाराचं वजन नाताळानंतर उतरलेलं नाही, सगळं वहीत. लेडी गोबनेटला त्याने दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा ती आघाडीवर होती, दोन्ही वेळा शेजारच्या कुरणात गाई होत्या, आणि दोन्ही वेळा ती त्यांच्यापाशी जाऊन शांतपणे उभी राहिली. स्वार ईफा लेन तिच्या कानात काय काय सांगत होती ते दुर्बिणीतून ऐकू येण्यासारखं नव्हतं, पण ती प्रार्थना नव्हती.

पंचाईत एवढीच होती की लेडी गोबनेट ही गावाची घोडी होती. गावच्या सभागृहाचं छप्पर गळत होतं, त्यासाठी चाळीस घरांनी मिळून ती घेतली होती. जिंकली की बक्षीस छपराला. चाळीस घरांत एक घर फिनियनचंही होतं, म्हणजे नोरीनचं. वाटा तिच्या नावावर होता.

गुरुवारी संध्याकाळी समितीचे अध्यक्ष डॅन जो ट्वोमी छापलेली पुस्तिका हातात घेऊन दारात उभे राहिले. डॅन जोंचं गावात हार्डवेअरचं दुकान आहे आणि खिळा विकतानाही ते तुमच्यावर उपकार करत असल्याचा चेहरा करतात.

"फिनियन, बाबा रे, हे काय लिहून ठेवलंयस?"

"अंदाज."

"अरे, अंदाज चांगल्या बाजूचा असतो. तू तर पंचनामा केलायस. चाळीस घरांची घोडी आहे ती. तुझ्या स्वतःच्या बायकोची आहे."

"बायकोची असली म्हणून गाईला सोडून जाईल का?"

"तेवढं एक वाक्य काढून टाक. 'संधी आहे' लिही. कॅनन लिहायचे तसं."

"कॅनन मेलेल्या घोड्यालाही संधी द्यायचे. माझ्या नावाखाली मी तसं लिहिणार नाही, डॅन जो. एकतीस वर्षं मी एकाही गटाराबद्दल खोटं लिहिलेलं नाही."

डॅन जोंनी नोरीनकडे पाहिलं. नोरीनने चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला आणि ती म्हणाली, "माझ्याकडे बघू नका. मी गटारांच्या काळापासून सोसतेय."

मग फिनियनने नियम काढले. पुस्तिकेचा मजकूर बदलायचा तर समितीची बैठक लागते, बैठकीला सात सभासद लागतात, आणि सातांना चार दिवस आधी लेखी सूचना लागते. आज गुरुवार, शर्यत रविवारी. समितीचे हे नियम सात वर्षांपूर्वी फिनियननेच लिहून दिले होते, तेही फुकट. डॅन जो चहा न पिता निघून गेले. फिनियनला त्या रात्री फार छान झोप लागली.

पण हार्डवेअरवाल्याचं डोकं वेगळं चालतं. नियमात मजकूर बदलायला मनाई होती, झाकायला नव्हती. डॅन जोंनी दुकानातल्या किमतीच्या चिकट चिठ्ठ्या काढल्या, प्रत्येकीवर "लेडी गोबनेट – संधी आहे" असं छापलं आणि आठशे पुस्तिकांतल्या त्या एका वाक्यावर चिकटवायचा हुकूम सोडला. शुक्रवारी सकाळी पहिल्या शंभर पुस्तिका गावातल्या दुकानांत पोचल्या. आता चिठ्ठी चिकटवली म्हणजे खाली काय आहे हे कुणालाही बघावंसं वाटणारच, आणि या चिठ्ठ्यांचा गोंद असा की नखाने सहज निघावी. दुपारपर्यंत पुस्तिकेतलं दुसरं काहीही न वाचलेल्या माणसांना ते वाक्य पाठ झालं होतं.

आणि सल्ले सुरू झाले. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी रक्तदाबाच्या गोळ्या देता देता विचारलं, "फिनियन, गाईंनी तुझं काय घोडं मारलंय?" पोस्टाच्या रांगेतल्या एका गृहस्थाने सांगितलं की त्याचा मेहुणाही असाच खरं बोलायचा, आता तो कॅनडात असतो. मेहुणीने फोन करून नोरीनला विचारलं, की निवृत्तीनंतर पुरुषांचं असं होतं का. केस कापणाऱ्याने पाऊण डोकं झाल्यावर कात्री थांबवली आणि म्हणाला, "म्हणजे छप्पर गळत राहावं असंच तुझं म्हणणं ना?" पाऊण डोक्याच्या माणसाला बाणेदार उत्तर देता येत नाही, तरीही फिनियनने दिलं. "छप्पर गळतंय हेही सगळ्यात आधी लेखी मीच कळवलं होतं," तो म्हणाला, आणि उरलेलं पाव डोकं नोरीनने घरी कापलं.

शनिवारी सकाळी त्याने रस्त्यावरून एक गंमत पाहिली. शर्यतीच्या मार्गाच्या लांबच्या कोपऱ्याला लागून नेड कॉटरचं कुरण आहे, तिथे त्याच्या बत्तीस गाई चरतात. नेड त्या बत्तीसच्या बत्तीस हाकत टेकडीमागच्या शेतात नेत होता. डॅन जो हातात काठी घेऊन मदत करत होते. त्यांच्या दुकानात शनिवारी सकाळी सर्वांत जास्त गिऱ्हाईक असतं.

"नेड, गाई कुठे निघाल्या?" फिनियनने कुंपणावरून विचारलं.

"कोपऱ्यातलं गवत संपलंय," नेड म्हणाला.

"गवत घोट्याच्या वर आहे."

"जुनं आहे ते."

"डॅन जो, माझं वाक्य खोटं आहे ना? मग या बायकांना घरदार सोडून कशाला घालवताय?"

डॅन जो काठी फिरवत पुढे निघाले. शेवटच्या गाईने मात्र वळून फिनियनकडे पाहिलं, आणि आपल्या बाजूचं कुणीतरी आहे असं त्याला दोन दिवसांत प्रथमच वाटलं.

रविवार उजाडला तो कोरडा आणि गार. फाटक साडेअकराला उघडायचं होतं, पण सातशे पुस्तिकांतल्या निम्म्यांवर अजून चिठ्ठ्या लागायच्या होत्या. चिठ्ठीशिवाय एकही पुस्तिका बाहेर जाणार नाही असा डॅन जोंचा हट्ट, आणि पुस्तिकेशिवाय आत सोडायचं नाही असा समितीचा नियम. हा नियमही फिनियननेच लिहिलेला होता. गाड्यांची रांग दूध संकलन केंद्रापर्यंत गेली. पहिली शर्यत तब्बल पाऊण तास उशिरा सुटली, आणि त्यामागोमाग सगळ्याच.

या पहिल्या पाच शर्यतींबद्दल फारसं न बोललेलं बरं, पण फिनियन खरेपणाचा भोक्ता आहे, तेव्हा त्याच्याबाबतीतही खरंच सांगायला हवं. त्याने निवडलेला पहिला घोडा दुसऱ्याच अडथळ्यावर बसला. दुसऱ्याने सुरुवातीलाच स्वाराला खाली ठेवलं आणि तो गाड्यांच्या तळावर फिरायला गेला. तिसरा सगळं नीट धावला, फक्त त्याला घाई नव्हती. चौथ्याची गाडी फाटकाच्या रांगेत अडकल्यामुळे तो वेळेवर पोचलाच नाही. पाचवा मोठ्या आघाडीवर असताना निशाणाच्या चुकीच्या बाजूने गेला आणि बाद झाला. प्रत्येक शर्यतीनंतर सँडविचच्या तंबूत फिनियनचं स्वागत वाढत गेलं.

"फिनियन, सहाव्यात कुणाला घालवणार आहेस?"

"त्या बिचाऱ्याच्या मालकाला आधी कळव रे, हार तरी आणून ठेवील."

नेड कॉटर म्हणाला, "माझ्या गाई निवडायच्या होत्यास. निदान उभ्या तरी राहिल्या असत्या."

फिनियनने सँडविच शांतपणे संपवलं. "अंदाज म्हणजे वचन नव्हे," तो म्हणाला. "चौथा तुमच्या चिठ्ठ्यांमुळे अडकला, ते माझ्या खात्यात धरू नका. आणि गोबनेटबद्दल जे लिहिलंय त्यातला स्वल्पविरामही मी मागे घेत नाही." त्याचे कान लाल झाले होते. सहाव्या शर्यतीत लेडी गोबनेट हरली नाही, तर पुन्हा त्याला या गावात कुणी पेन्सिलसुद्धा हातात देणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. आणि ती हरली, तर छप्पर त्याच्यामुळे गळतंय असं लोक म्हणणार, हेही माहीत होतं. तरी तो जाऊन शर्यत संपते त्या शेवटच्या खांबापाशी, सगळ्यांना दिसेल असा उभा राहिला.

सहावी शर्यत चारला सुटायची ती पावणेपाचला सुटली. नऊ घोडे. लोक घोड्यांपेक्षा फिनियनकडे जास्त बघत होते. पहिल्या फेरीत लेडी गोबनेट लांबच्या कोपऱ्यापाशी आली, रिकाम्या कुरणाकडे तिने एकदा नजर टाकली आणि अडथळा पार करून पुढे गेली. साऱ्या मैदानात जल्लोष झाला. तो घोडीसाठी कमी आणि फिनियनच्या नाकावर टिच्चून जास्त होता. दुसऱ्या फेरीतही तेच. डॅन जो ध्वनिक्षेपकावर म्हणाले, "लेडी गोबनेट उत्तम जातेय, अजून एकही गाय दिसलेली नाही," आणि लोक पोट धरून हसले. फिनियनने वहीत लिहिलं: गाय नाही, म्हणून जातेय. शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा घोडी पाचवी होती, दमलेली होती, आणि जिंकण्याचं काही लक्षण नव्हतं.

शीला कॉटर ही नेडची बायको. तिला शर्यतींचं काडीचंही कौतुक नाही. गाईंची धार पावणेपाचला, हा तिच्या घराचा नियम, आणि तो फिनियनच्या कुठल्याही नियमापेक्षा जुना. नेहमीसारख्या गाई कोपऱ्यात असत्या, तर मागच्या वाटेने गुपचूप गोठ्यात गेल्या असत्या. पण आता त्या टेकडीमागे होत्या, आणि तिथून गोठ्याकडे येणारी गल्ली बरोबर शेवटच्या खांबाच्या पलीकडून जाते. शर्यत वेळेवर झाली असती तरी प्रश्न नव्हता. शीलाने फाटक उघडलं आणि बत्तीस गाई, एकामागे एक, गल्लीत आल्या.

लेडी गोबनेटने त्या दुरून पाहिल्या. तिचे कान उभे राहिले. पुढे जे झालं ते पाहिलेली माणसं अजूनही हातवारे करून सांगतात. शेवटचे दोन अडथळे तिने जणू रस्त्यावरच्या काड्या असाव्यात तसे ओलांडले, चौघांना मागे टाकलं, आणि ती तीन घोड्यांच्या अंतराने पहिली आली. खांब मागे पडला तरी ती थांबली नाही, तशीच गल्लीच्या फाटकापर्यंत गेली आणि फाटकावरून मान टाकून पहिल्या गाईच्या कपाळाला तिने नाक लावलं.

मैदानात टोप्या उडाल्या. डॅन जोंचा आवाज फुटला. "कुठे आहे फिनियन ल्युसी?" त्यांनी ध्वनिक्षेपकावर विचारलं. "गाईला सोडून जात नाही म्हणे!"

"गेली कुठे?" फिनियन ओरडला. "ती तर तिथे उभी आहे!" पण ध्वनिक्षेपक त्याच्याकडे नव्हता.

आणि मग घोटाळा लक्षात आला. शर्यतीचा कायदा असा, की जिंकलेल्या स्वाराने घोड्यावर बसूनच ठरलेल्या आवारात परत यायचं, तिथेच उतरायचं आणि खोगिरासकट वजन द्यायचं. वाटेत उतरला तर विजय रद्द. डब्लिनहून आलेल्या पंचांनी घड्याळ काढलं आणि पंधरा मिनिटं दिली. घोडी हलायला तयार नव्हती. ईफाने टाचा मारल्या, लाडीगोडी लावली, शेवटी दुर्बिणीतून ऐकू न आलेलं सगळं साऱ्या गावाला ऐकवलं. ईफाचा बाप मॉस लेन हा घोडीचा प्रशिक्षक. त्याने ओट्सची बादली धरली. घोडीने तिच्याकडे बघितलंही नाही. चौघांनी मागून ढकललं. मग नेडने बायकोला सांगितलं, "शीला, गाई ने गोठ्यात, म्हणजे हिचा नाद सुटेल." गाई दोन पावलं सरकल्या तशी घोडीने पुढचा एक पाय फाटकावर ठेवला. शीलाने गाई जागच्या जागी थांबवल्या.

"मॉस," डॅन जोंनी विचारलं, "हे काय आहे?"

मॉसने टोपी काढून हातात घेतली. "ती जन्मताच तिची आई गेली. आमच्या म्हाताऱ्या गाईपाशी वाढली ती. मला वाटलं, मोठी झाल्यावर विसरेल."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना सांगायची गोष्ट आहे का ती?"

आठ मिनिटं उरली होती. गर्दी दुभंगली आणि फिनियन ल्युसी हात मागे बांधून, गटाराची पाहणी करायला आल्यासारखा, आला.

"हिला आणता येईल," तो म्हणाला.

"कशी?"

"आधी वाक्य वाचा."

"कुठलं वाक्य?"

"तुम्ही झाकलेलं. पूर्ण. ध्वनिक्षेपकावर."

"अरे, छपराचा विचार कर," डॅन जो काकुळतीला आले. "चाळीस घरं आहेत."

"त्या चाळीस घरांनी दोन दिवस मला वेडा ठरवलंय. पाऊण डोकं कापून घरी पाठवलंय मला. खरं लिहिलं म्हणून माझ्या वाक्यावर चिठ्ठी लावलीत तुम्ही, डॅन जो, खिळ्यांच्या किमतीची. ती काढा. छप्पर नंतर."

"माणूस आहेस की कोण?"

"सात मिनिटं," फिनियन म्हणाला.

डॅन जो गेले. ध्वनिक्षेपक खरखरला. "लेडी गोबनेट ही घोडी देखणी आहे," त्यांनी वाचलं, "उड्या उत्तम मारते, वेगही बरा आहे." आणि ते थांबले. फिनियनने लांबून हात वर केला आणि बोटांनी पुढे चला अशी खूण केली. "पण," डॅन जो म्हणाले, आणि पुढचं त्यांना एकट्याला म्हणावंच लागलं नाही. वाक्य सगळ्यांना पाठच होतं. "गाय दिसली की गाईला सोडून पुढे जात नाही," असं सारं मैदान एका सुरात म्हणालं. फिनियनच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते गार वाऱ्यावर ढकललं.

मग त्याने शीलाकडून दोर मागून घेतला, सर्वांत म्हाताऱ्या गाईच्या गळ्यात घातला आणि फाटक उघडून तिला मैदानात आणलं. पुढे चांगला कोट घातलेला फिनियन, मागे गाय, गाईच्या शेपटीला नाक लावून लेडी गोबनेट, आणि वर मान खाली घालून बसलेली ईफा. अशी ती वरात बुकींच्या रांगेसमोरून, सँडविचच्या तंबूवरून, हळूहळू निघाली. म्हाताऱ्या गाईने वाटेत दोनदा थांबून जे करायचं ते केलं. पंचांनी नियमांचं पुस्तक दोनदा चाळलं. गाईबद्दल त्यात काही नव्हतं. एक मिनिट शिल्लक असताना ईफा उतरली, वजन झालं, आणि लेडी गोबनेटचा विजय पक्का झाला.

"तरी तू तिला निवडलं नव्हतंस," बक्षीस घेताना डॅन जो कुजबुजले. "सहाच्या सहा चुकले तुझे."

"घोडे चुकले," फिनियन म्हणाला. "मी नाही."

घरी जाताना गाडी नोरीन चालवत होती. फिनियनच्या कोटाला गाईचा वास येत होता आणि तो राजासारखा बसला होता. अर्ध्या वाटेत त्याला दिसलं, की नोरीनची पर्स फुगलेली आहे आणि पर्सची चेन लागत नाहीये.

"हे काय?"

"गोबनेटवर लावले होते. बुकी फार चांगला भाव देत होता. तुझं वाक्य त्यानेही वाचलं होतं."

"तू माझ्या विरुद्ध पैसे लावलेस?"

"विरुद्ध कशाला? तुझं वाचूनच लावले. शीला सकाळी चर्चबाहेर म्हणाली, काही झालं तरी पावणेपाचला गाई गल्लीतून आणणार. शर्यती पाऊण तास मागे पडल्या. मग मी विचार केला, गाय दिसली की ही जाणार कुठे?" नोरीनने वळण घेतलं. "सगळं तर तू लिहून ठेवलं होतंस."

फिनियनने कोटावरचे गाईचे केस झटकले. मग म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?"

"कधी? तू सँडविचच्या तंबूत भांडत होतास."

दूध संकलन केंद्र मागे गेलं. दाराशी आल्यावर नोरीनने गाडी बंद केली आणि पर्स उचलली.

"पुढच्या वर्षीही पुस्तिका तूच लिही," ती म्हणाली. "तुझ्यासारखं खरं कुणाला लिहिता येत नाही. जिंकणार कोण, ते मी बघते."

"शेऱ्यांवर चिठ्ठी लागणार नाही," फिनियन म्हणाला.

"हात लावून बघू दे कुणाला," नोरीन म्हणाली, आणि कोट बाहेरच काढून ये, असं सांगून आत गेली.